इशापूरवाली

बीपी मोजायच्या जुन्या यंत्राची पेटी रघुवीरनं उघडली, कापडी पट्ट्याखाली बोट घातलं आणि बोटाला काहीच लागलं नाही. त्यानं दुसरं बोट घातलं. मग पट्टाच बाहेर काढून झटकला, पाऱ्याच्या नळीमागे पाहिलं, आणि शेवटी रबरी फुगासुद्धा दाबून पाहिला. किल्ली काय त्या फुग्यात जाऊन बसणार होती! समोर भिंतीला बोल्ट मारून घट्ट बसवलेलं पोलादी कपाट होतं, जवळजवळ त्याच्याच उंचीचं. आत त्याच्या जुन्या लष्करी रायफली होत्या आणि त्या कपाटाची किल्ली या पेटीत असायची. असायची ना? लेस्टरच्या या घरात राहायला आल्यापासून ती दुसरीकडे कुठं असायची? माडीवरच्या या अरुंद खोलीत मार्चमधलं फिकट ऊन पडलं होतं आणि रघुवीर रिकामी पेटी मांडीवर घेऊन बसला होता. गुरुवारी मिस्टर टॉम्लिन येणार होते. लायसन्स रिन्यू करायच्या आधी पोलिसांचा माणूस घरी येतो, कपाट उघडायला लावतो, एकेका रायफलीवरचा नंबर आपल्याकडच्या नोंदीशी ताडून पाहतो, चहा पितो आणि जातो. एरवी रघुवीर या भेटीची वाटच बघायचा, कारण त्याच्या रायफलींकडे कौतुकानं बघणारं माणूस या घरात तेवढं एकच यायचं. आता मात्र गुरुवार हा शब्दच त्याला नको वाटत होता.

किल्ली कुठं आहे हे तुम्ही सोडून कुणालाही ठाऊक असता कामा नये, असं अगदी पहिल्या वेळी आलेल्या अधिकाऱ्यानं बजावलं होतं. बायकोलासुद्धा नाही. रघुवीर जन्मभर भूल देणारा डॉक्टर. नियम म्हणजे नियम, त्यात इकडचं तिकडे झालं की माणूस टेबलावरून उठत नाही, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यानं त्याच दिवशी जेवताना सुप्रभाला जाहीर सांगून टाकलं की किल्लीची चौकशी करायची नाही. तिनं पोळी वाढता वाढता हात थांबवला. "म्हणजे मी काय तुमची रायफल घेऊन बेलग्रेव्ह रोडवर दरोडा घालणारेय?" "कायदा आहे, सुप्रभा." "असू दे की कायदा. घरात मी आहे, तुम्ही आहात आणि ही आपली एवढीशी वरदा. कायदा कुणासाठी केलाय मग? माझ्यासाठीच ना?" हे तिला लागलं होतं, आणि लागलंय हे त्याला कळलंही होतं. पण पुढं तिनं तो विषय काढला नाही. त्याच्या मोज्यांच्या जोड्यांपासून ते त्याच्या आईशी झालेल्या त्याच्या शेवटच्या भांडणापर्यंत सुप्रभाला सगळं ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या संसारात एक इवलीशी किल्ली तेवढी तिच्यापासून लपलेली, आणि खरं सांगायचं तर त्या लपवण्यात त्याला एक चोरटं सुखही होतं. आता तेच सुख त्याच्या अंगाशी आलं होतं. घरभर शोधायचं, आणि काय शोधतोय हे घरातल्या एकुलत्या एक माणसाला सांगायचं नाही.

त्यानं कोटांचे खिसे पाहिले, शिवणाचा डबा पाहिला, वर्तमानपत्रांची रद्दी उलटीपालटी केली. स्वयंपाकघरात जवसाच्या डब्यात हात घालून तो चाचपत होता, तेव्हा सुप्रभा मागे येऊन उभी राहिली.

"काय शोधताय?"

"चष्मा."

"डोळ्यांवर आहे."

"हा नाही गं. रीडिंगचा."

"तो वरदाकडे राहिलाय, साउथहॅम्प्टनला. पोस्टानं पाठवते म्हणालीये. परवा फोनवर तुम्हीच नाही का बोललात तिच्याशी?"

"हो हो. बोललो की," तो म्हणाला. त्याला काहीसुद्धा आठवत नव्हतं. सुप्रभानं हात टॉवेलला पुसले. हात कोरडे झाल्यावरही ती पुसतच राहिली आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिनं जवसाच्या डब्याचं झाकण लावून तो फळीवर ठेवून दिला. हिला काहीतरी सांगायचंय, असं त्याला वाटलं. पण विचारायची छाती झाली नाही, आणि तो चष्मा नाकावर सारखा करत दुसऱ्या खोलीत गेला.

जवसाचा वास बोटांना राहिला होता. रायफलीच्या लाकडाला जवसाचं तेल लावतात, आणि ते चोळायला बसलं की रघुवीर थेट सांगलीला पोचायचा, आईनं तव्यावर जवस भाजायला घेतल्याच्या दुपारी. त्याच वर्षांतलं कॉलेजचं एनसीसी. हवालदारानं हातात दिलेली ती जड थ्री-नॉट-थ्री, पहिली गोळी उडवल्यावर खांद्याला बसलेला दणका, आणि त्या काळ्यानिळ्या खांद्याचं पुढं आठवडाभर वाटलेलं गुपचूप कौतुक. काडीपहिलवान म्हणून सगळ्यांनी चिडवलेल्या पोराला आपलं शरीर पहिल्यांदा कामाचं वाटलं ते तेव्हा. मिरजेला डॉक्टरी झाली, लग्न झालं, नॉटिंगहॅमची थंडगार खोली झाली, लेस्टरची नोकरी लागली आणि तो खांदा विसरून गेला. मग एका शनिवारी हॉस्पिटलमधल्या एका सर्जननं त्याला आपल्या रायफल क्लबात नेलं. तिथं एकानं सहज म्हणून हातात दिलेल्या जुन्या रायफलीच्या पितळी पट्टीवर इशापूर असं कोरलेलं होतं. बंगालमधल्या कारखान्यात घडलेली, कुठल्या कुठल्या लढाया करून या ओल्या देशात येऊन पडलेली, आणि इथल्या कुणालाही ती आली कुठून याच्याशी देणंघेणं नाही. रघुवीरनं ती अक्षरं अंगठ्यानं दोनदा पुसली. लोखंडाच्या नळीसाठी जीव असा तुटतो हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं फक्त ती विकत मिळेल का एवढं विचारलं.

पुढं तो नाद लागला तो लागलाच. या रायफलीच्या दस्त्याच्या तळाला एक पितळी झाकण असतं. अंगठ्यानं दाबलं की उघडतं, आणि आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी बसते. त्याच्या रायफलीतला तो कप्पा रिकामा होता. तेवढी एक भारतीय शिक्क्याची बाटली मिळवायला तो किती गावांच्या बाजारांतून फिरला असेल! मग खाकी पट्टा आला, संगीन आली, संगिनीचं म्यान आलं, गोळ्यांच्या पत्र्याच्या क्लिपा आल्या. मग इशापूरवालीला सोबत हवी म्हणून आणखी दोन-तीन रायफली आल्या. या दुनियेत सगळ्यात मोठं भाग्य म्हणजे बोल्टवरचा, म्हणजे गोळी आत सरकवायच्या दांड्यावरचा, आणि बॉडीवरचा नंबर एकच असणं. छावण्यांत साफसफाईच्या वेळी बोल्टांची अदलाबदल व्हायची आणि पुढं ज्याचा त्याला कधीच मिळायचा नाही. इशापूरवालीचे नंबर जुळत होते. हे त्यानं धावत जाऊन सुप्रभाला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पत्रिका जुळल्यासारखं काय सांगताय? आपली तरी कुठं जुळली होती!" नळीतून ओढायच्या चिंध्या मात्र तीच कापून द्यायची, आपल्या जुन्या सुती साड्यांच्या, नीट एका मापाच्या. फ्लॅनेलपेक्षा या साड्यांनीच नळी लख्ख होते, असं तो क्लबात सगळ्यांना सांगायचा.

किल्ली शेवटची हातात कधी होती? थंडीत गुडघा दुखतो म्हणून क्लबला गेलंच नव्हतं. म्हणजे खंडेनवमीला. हो, खंडेनवमीलाच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातल्या शस्त्राची पूजा करायची, हे त्यानं इथं येऊन सुरू केलं. सांगलीच्या घरात पूजायला विळीपलीकडे शस्त्र नव्हतं. हॉलमध्ये पाट, पाटावर रायफल आडवी, झेंडूची माळ, आणि सुप्रभा दस्त्याला हळदकुंकवाचं बोट टेकवत म्हणायची, "सवतीचंसुद्धा करावं लागतं बाई, काय सांगू." हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं. फक्त ते कुठल्या वर्षीचं होतं ते कळत नव्हतं. वरदा परकर नेसून बाजूला उभी होती, म्हणजे ते जुनं. सुप्रभाचे केस पांढरे होते, म्हणजे ते अलीकडचं. परवाच्या ऑक्टोबरातलं कुठलं? माळ कुणी केली? नारळ कुणी फोडला? तो जितका ओढून आणायला बघायचा तितकी सगळी वर्षं एकमेकांत मिसळून जायची आणि शेवटी पाट तेवढा राहायचा, वर काहीच नसलेला.

रायफली गेल्या तर गेल्या, असं तो मनाशी म्हणून बघायचा, पण ते खरं नव्हतं. त्या गेल्या असत्या तर तो रडला असता. आणि तरीही भीती त्याची नव्हती. भीती होती ती त्या जाताना जे कारण दिलं जाईल त्याची. तो शब्द त्यानं मनातसुद्धा उच्चारला नव्हता. जीपीनं, इथल्या फॅमिली डॉक्टरनं, पोलिसांना कळवलं होतं की डॉक्टरांची तब्येत उत्तम. जीपीला तरी कोण सांगणार? डोकं तपासताना विचारतात तसं तो अंघोळ करताना शंभरातून सात-सात वजा करत खाली यायचा आणि न अडखळता यायचा. बोल्टच्या एकूणएक भागाचं नाव त्याला पाठ होतं. नाही, काही झालेलं नाही. किल्ली सगळ्यांची हरवते. आणि मग त्याला नॉटिंगहॅमच्या वॉर्डातली एक म्हातारी आठवायची, खुब्याचं हाड मोडून आलेली. ती दर वेळी त्याला नव्यानं नाव विचारायची आणि दर वेळी म्हणायची, किती छान नाव! तो हसून सांगायचा. बाहेर आल्यावर नर्सबरोबर पुन्हा हसायचा. त्यात दुष्टपणा नव्हता. त्या बाईचं आणि आपलं काही नातं असू शकेल हे त्या वयात कळत नाही, एवढंच. आता ती हसरी, गोरी म्हातारी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि तो सुप्रभा खाली गेलेली बघून पुन्हा एकदा ती पेटी उघडत होता. एकीकडे त्याला असंही वाटत होतं की गुरुवारी टॉम्लिन समोर उभे राहिले की हात आपोआप बरोबर जागी जाईल. हातांवर त्याचा अजून विश्वास होता.

गुरुवारी मिस्टर टॉम्लिन आले, दारातच बूट काढून मोज्यांवर आत आले. हे भारतीय घर आहे, इथं बूट चालत नाहीत, हे त्यांना सांगावं लागत नसे. धिप्पाड, भुवया पांढऱ्या झालेला, पोलिसातून रिटायर होऊन पुन्हा हेच काम धरलेला माणूस. "हाउ आर वी, डॉक्टर?" असं म्हणत ते जिना चढले, आणि गुडघे, पाऊस, क्लबचं नवं छप्पर अशा गप्पा मारत दोघं त्या खोलीत आले. टॉम्लिननी खिशातून पेन काढलं. रघुवीरनं पेटी घेतली, उघडली, पट्ट्याखाली बोट घातलं.

त्यानं ते पुन्हा घातलं. मग पट्टा उलटा केला. आपण काय करतोय हे त्याला नीट कळत होतं, पण थांबलं की काहीतरी बोलावं लागेल, म्हणून तो थांबत नव्हता. टॉम्लिन खिडकीशी जाऊन शेजारच्या बागेतला ट्रॅम्पोलिन बघू लागले. भला माणूस; त्यानं पाठ वळवली याचं रघुवीरला इतकं वाईट वाटलं की फुगा हातातून सुटून पेटीच्या कडेवर आपटला. "जस्ट अ मोमेंट," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "जस्ट अ मोमेंट."

जिन्यावर पावलं वाजली. सुप्रभा दारात उभी होती. कार्डिगनच्या खिशातून तिनं हात बाहेर काढला आणि मूठ उघडली.

"अहो, ही घ्या."

तळव्यावर किल्ली होती. रघुवीरच्या मनात पहिल्यांदा उसळला तो निव्वळ आनंद. तो विसरलेला नव्हता! किल्ली पेटीतच होती, तो म्हणत होता तिथंच होती, हिनं ती काढली होती. त्याचं डोकं शाबूत होतं. इतके दिवस वेड्यासारखं घर उलथंपालथं केलं ते उगाच. त्याला मोठ्यानं हसावंसं वाटलं. आणि लगेच मागून राग आला, इतका की कानशिलं तापली. डब्याडब्यांत हात घालताना ही बघत होती. चष्म्याचं ऐकून घेत होती.

"तुझ्याकडे कशी?" तो मराठीत म्हणाला.

टॉम्लिन वळले. सुप्रभानं त्यांच्याकडे न बघता खाली मान घालून हळू आवाजात सांगितलं, "खंडेनवमीला पूजा केलीत आणि इशापूरवाली तशीच पाटावर सोडून फिरायला गेलात. पुढचं दार सताड उघडं. मी वर होते. खाली येऊन बघते तर हॉलमध्ये ती एकटीच, हळदकुंकू लावलेली, आणि बाहेर शेजारची मुलं सायकली फिरवतायत. मी उचलली. वर आणून कपाटात ठेवली. किल्ली कपाटालाच लोंबत होती, ती काढून घेतली."

"आणि मी?"

"पार्कातल्या एका बाईनं आणून सोडलं तुम्हाला. घर सापडत नव्हतं."

"हे तू मला कधी बोलली नाहीस."

"बोलले." तिचा आवाज फुटला. "त्याच दिवशी बोलले. दिवाळीत बोलले, तेव्हा तुम्ही रडलात. नंतर म्हटलं, राहू दे. आज किल्ली सापडायची नाही, मग आपोआप होईल ते होईल, माझ्या तोंडून नको. पण तुम्ही त्या पेटीत असे चाचपडायला लागलात, या माणसासमोर... नाही बघवलं मला."

रघुवीर त्या दिवसापाशी जाऊन पाहू लागला. पार्क, बाई, दार. दिवाळीतलं आपलं रडणं. तिथं काहीच नव्हतं. अंधारही नव्हता, कारण अंधार असला तर निदान तो दिसतो. राग कुठल्या कुठे गेला. आनंद तर त्याच्याही आधी गेला होता.

"एव्हरीथिंग ऑल राइट?" टॉम्लिननी विचारलं. त्यांची नजर सुप्रभाच्या हातावर होती. आवाज सौम्यच होता, पण आता तो पोलिसाचा होता. "मिसेस, किल्ली तुमच्याकडे होती का?"

सुप्रभानं तोंड उघडलं. ती काय बोलणार हे रघुवीरला ठाऊक होतं. तिला इंग्रजीत खोटं बोलता यायचं नाही. मराठीतही जेमतेमच यायचं. हो, माझ्याकडे होती, ऑक्टोबरपासून होती, रायफल मी उचलली, असं ती या माणसाला शहाण्या मुलीसारखं सांगून मोकळी होईल, आणि मग हा भला माणूस ते लिहून घेईल, कारण ते त्याचं काम आहे. लायसन्स नसताना ज्या बाईनं रायफल हाताळली आणि किल्ली बाळगली ती बाई कायद्यानं गुन्हेगार. रघुवीरला हा नियम तोंडपाठ होता. हा त्याच्या डोक्यातून गेलेला नव्हता.

"किचनमध्ये राहिली असणार," तो इंग्रजीत म्हणाला. "मीच ठेवली तिथं. हिला आत्ता सापडली. मी हल्ली विसरतो, मिस्टर टॉम्लिन. फार विसरतो. रायफली घेऊन जा तुम्ही."

किती सहज आलं ते तोंडातून! ज्या वाक्याच्या धाकानं तो इतके दिवस झोपला नव्हता ते वाक्य त्यानं बायकोला वाचवायला मारलेली थाप म्हणून बोलून टाकलं होतं, आणि बोलताना त्याला जरा ऐटही वाटली. सुप्रभाचे डोळे भरून आले. टॉम्लिननी पेनाला टोपण लावलं. तिच्या हातातली किल्ली त्यांनी घेतली, पण कपाटाला लावली नाही. ते खुर्चीवर बसले, रघुवीरच्या डोळ्यांना डोळे मिळतील असे, आणि त्यांनी विचारलं, "हे केव्हापासून आहे, डॉक्टर?"

हा तर पहिला प्रश्न. जन्मभर त्यानं स्वतः तो विचारला होता, दुखतंय केव्हापासून, सूज केव्हापासून. केव्हापासून? त्यानं सुप्रभाकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"सांगू?" तिनं विचारलं.

"सांग," तो म्हणाला. "किल्लीचं राहू दे. बाकी सगळं सांग. माझं काही राखू नकोस."

सुप्रभा दाराच्या चौकटीला टेकली आणि तिच्या सावकाश, नीटनेटक्या इंग्रजीत सांगू लागली. खंडेनवमीचं तिनं नावही काढलं नाही. तिनं त्याच्याही मागचा उन्हाळा धरला, साउथहॅम्प्टनची वरदाची बाग, नातीचा, उर्वीचा, वाढदिवस, आणि केक कापणाऱ्या उर्वीकडे बोट दाखवून त्यानं जावयाला विचारलेलं, ही गोड मुलगी कुणाची म्हणून. सगळे हसले होते, थट्टा वाटली होती सगळ्यांना. तिला वाटली नव्हती. त्या रात्री ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती. पुढं एकदा त्यानं तिलाच, मिसेस कुठं गेल्या, असं विचारलं होतं, आणि येतील एवढ्यात, असं म्हणून तिनं त्याला चहा दिला होता. रघुवीर मान हलवत लक्ष देऊन ऐकत होता. यातलं काहीही त्याच्या ओळखीचं नव्हतं. ती कुठल्यातरी माणसाबद्दल बोलत होती, आणि त्या माणसाच्या बायकोची त्याला फार दया आली.